तलाठ्याची अरबी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२०२४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. नंदुरबारच्या पथाऱ्यांवरची लाल मिरची संपत आली होती आणि दुपारी बाहेर पडवत नव्हते. अशा भर दुपारी माझा शाळासोबती घरी आला. हा मनुष्य तलाठी म्हणून नोकरीला लागला आणि बत्तीस वर्षांनी त्याच खात्यातून निवृत्त झाला. बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भो, मला अरबी शिकव. बोलण्यापुरती."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मग त्याने सांगितले ते असे. त्याची मुलगी ओमान देशात सलाला या गावी परिचारिका आहे. जावई समुद्रावरच्या कामाला असतो, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. मुलीला जुलैमध्ये दुसरे बाळ होणार होते. अशा वेळी आईने जायचे असते, पण वहिनी तीन वर्षांपूर्वीच गेल्या. तेव्हा बापच निघाला होता. "तिथे पाच वर्षांचा नातू माझ्या ताब्यात राहणार. रात्री-अपरात्री काही झाले तर शेजाऱ्याला हाक तरी मारता आली पाहिजे," तो म्हणाला. "मुक्याने जायचे नाही मला."

माझ्याकडे येण्याचे कारण उघड होते. मी १९९३ ते २००७ अशी चौदा वर्षे त्याच सलालात गोदामपाल म्हणून काढली आहेत. पण लोकांची एक समजूत असते, ती आधी दूर करतो. मी मुसलमान, म्हणून मला अरबी जन्मतः येते, असे पुष्कळांना वाटते. मी पाच वर्षांचा असताना मोहल्ल्यातल्या मशिदीत 'कायदा' घेऊन बसलो. अक्षरओळखीच्या पहिल्या पुस्तकाला आमच्याकडे कायदा म्हणतात. दोन वर्षांत मी कुराण घडाघड वाचू लागलो. अर्थ मात्र एका ओळीचाही कळत नव्हता, आणि तो कळत नाही याचे कोणाला काही वाटतही नव्हते. घरी आम्ही उर्दू बोलत असू, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. अरबीचा अर्थ मला लागू लागला तो पस्तिशीत, सलालाच्या गोदामात, खोकी मोजता मोजता. माझे पहिले गुरू म्हणजे एक सुदानी ड्रायव्हर आणि एक इजिप्तचा कारकून. त्या कारकुनाच्या तोंडी 'ज'चा 'ग' होई, त्यामुळे माझी अरबी आजही थोडी तिरकीच आहे.

आमच्या जिल्ह्यात अरबी म्हटले की लोक अक्कलकुव्याकडे बोट दाखवतात. तिथल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेत १९७९ पासून अरबी शिकवली जाते आणि देशभरातून मुले येतात. ती विद्वानांची अरबी. धातू, रूपे, वाक्यरचना यांची वर्षानुवर्षे घोकंपट्टी करून मिळवलेली. मी मित्राला म्हटले, "व्याकरण पाहिजे तर अक्कलकुव्याची एसटी पकड. भाजी आणायची असेल तर माझ्याकडे बस."

तो बसला. आणि मी नेमकी तीच चूक केली जी प्रत्येक हौशी मास्तर करतो. मी त्याला मला जसे शिकवले होते तसे शिकवायला लागलो. आधी उच्चार. अरबीत 'ह'सारखे दोन आवाज आहेत, एक साधा आणि एक घशातून घासून काढायचा. शिवाय घशाच्या तळातून निघणारा 'ऐन' नावाचा आवाज आहे, ज्याला आपल्याकडे अक्षरच नाही. डॉक्टरने जिभेवर चमचा दाबला की जो आवाज निघतो, तो साधारण तसा. मित्राने चार दिवस चमचा दाबून घेतला. पाचव्या दिवशी म्हणाला, "मन्हं तोंड वाकडं व्हई जाई. राहू दे. ही तुमची भाषा, आम्हाला नाही यायची."

'तुमची' हा शब्द मला जरा लागला. पण त्यामागे काय होते ते मला माहीत होते. हा गृहस्थ नोकरीत शुद्ध मराठीचा कट्टर पुरस्कर्ता होता. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कागद मराठीत आले. आमचा मित्र नोकरीला लागला तेव्हाही त्या वाऱ्याचा जोर होता. 'तारीख' लिहिलेला कागद दिसला की तो खोडून 'दिनांक' करायचा. सावरकरांनी घडवलेला हा शब्द त्याने आयुष्यभर जपला. अशा माणसाने निवृत्तीनंतर माझ्यापुढे अरबी शिकायला बसणे ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

वाट सापडली ती अपघाताने. त्याच्या शहाद्याकडच्या पपईच्या शेताचे काही काम निघाले होते. तो माझ्याकडे आला तेव्हा हातात एक अर्ज होता. मी सहज वर पत्ता वाचला. मौजे अमुक, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. आणि मला हसू आले.

"तू अरबी येत नाही म्हणतोस? गावांची नावे सोडली तर हा सगळा पत्ता अरबी आहे."

'मौजे' म्हणजे अरबी 'मौदिअ', जागा. 'तालुका' हा 'तअल्लुक' म्हणजे संबंध, त्यावरून आला. 'जिल्हा' म्हणजे 'दिल्अ', बरगडी किंवा बाजू. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला आमचा नंदुरबार जिल्हा म्हणजे शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले तर धुळ्याची काढलेली बरगडी. मित्र हे ऐकून खूश झाला. मग म्हणाला, "अर्ज?" तोही अरबी, पुढे मांडणे. "तहसील?" गोळा करणे. "कब्जा, जप्ती, हक्क, वारस, मयत, मुदत, मालक, नक्कल, तपशील, मजकूर?" सगळे अरबी. त्याने बत्तीस वर्षे जी भाषा लिहिली तिच्यातला निम्मा शब्दसंग्रह मी त्याच्यासमोर उघडून ठेवला. बराच वेळ तो काही बोलला नाही.

त्या दिवसापासून आम्ही उलटे शिकायला लागलो. आधी सातबारा, मग सलाला.

त्यात एक गुरुकिल्ली सापडली. आपल्या दफ्तरातल्या शब्दांत जिथे 'ज' आहे, तिथे पुष्कळदा अरबीत एक जड 'द' असतो. 'ज' काढायचा आणि जीभ दातांमागे दाबून जड 'द' घालायचा. हजर – हादिर. काझी – कादी. जामीन – दामिन. जप्त – दब्त. कब्जा – कब्दा. अर्ज – अर्द. रमजान – रमदान. याचे कारण इतिहासात आहे. हे शब्द अरबस्तानातून थेट आपल्याकडे आले नाहीत. ते आधी इराणात गेले. इराणी माणसाला तो जड 'द' जमेना, त्याने त्याचा झ केला. मग फारसीचे बोट धरून ते हिंदुस्थानात उतरले. म्हणजे आपल्या तोंडातला हा 'ज' शब्दांवरचा प्रवासाचा शिक्काच आहे. तसाच 'वारस'मधला 'स'. अरबीत तो 'वारिथ', जिभेचे टोक दातांत धरून.

अरब लोक आपल्या किनाऱ्यावर त्याच्याही फार आधी आले होते. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट सापडला. त्यात संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका अरबवंशीय अधिकाऱ्याचे नाव 'मधुमति' असे दिले आहे. मुहम्मदाचा मधुमति झाला! आमच्या मित्राला हे इतके आवडले की तो मला दोन दिवस मधुमती म्हणत होता. पण या व्यापाऱ्यांनी आपल्या दफ्तरांत फारसे काही सोडले नाही. दफ्तर भरले ते पुढच्या राजवटींनी. खानदेशात फारुकी सुलतानांचे राज्य १३८२ पासून १६०१ पर्यंत होते. मग मोगल आले. 'आइन-इ-अकबरी'त नंदुरबार हे माळवा सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा व्यापारी रस्ता आमच्या नवापूर-नंदुरबारवरूनच जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकात या वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो म्हणून लिहून गेला. तांदूळ पिकवणाऱ्याला अरबी येत नव्हती. त्या तांदळावरची वसुली लिहिणाऱ्या कुलकर्ण्यालाही येत नव्हती. पण 'वसूल' हा शब्द दोघांनाही चांगलाच ठाऊक होता. अरबीने आपल्याकडे तलवारीपेक्षा लेखणीने जास्त मुलूख घेतला, असे माझे मत आहे.

आता या लेखणीची सगळ्यात मोठी गंमत ऐका. मित्राला आकडे शिकवायची वेळ आली. वाहिद, इथ्नैन, थलाथा, अर्बआ, खम्सा. भाजी घ्यायची तर एवढे हवेच. त्याला पाठ होईनात. मग मी वाचनालयातून राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आणला. हा १८९८ मध्ये निघाला, यात पानिपतच्या काळातली पत्रे आहेत. मराठेशाहीच्या कागदांत काळ लिहायची एक पद्धत होती, तिला शुहूर सन म्हणतात, कोणी अरबी सन म्हणतात. पेशव्यांच्या दफ्तरात बसून मोडी लिहिणारे शेंडीवाले कारकून वर्षाचा आकडा मराठीत लिहीत नसत. ते लिहीत अरबी शब्दांत.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ते वर्ष शुहूर सनात ११६१. कागदावर ते असे येते: इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एक, साठ, शंभर आणि हजार. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. रायगडावरचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. ते वर्ष १०७५, म्हणजे खमस सबैन अलफ. पाच, सत्तर आणि हजार.

"थांब," मित्र म्हणाला. "आधी पाच, मग सत्तर? म्हणजे पंचाहत्तर. आपल्यासारखेच!"

अगदी बरोबर. इंग्रजी आधी दशक म्हणते, मग एकक. आपण आणि अरब आधी एकक म्हणतो. एकसष्ट म्हणजे एक आणि साठ, 'वाहिद व सित्तीन'. त्याच्या डोक्यातला गुंता तिथे सुटला. फक्त एक अडचण राहिली. आपल्याला एकोणसत्तर म्हणायची खोड आहे. अरब एक उणे करण्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ नऊ आणि साठ म्हणतो.

माझ्या लक्षात मात्र दुसरीच गोष्ट आली. बाजारात पाच म्हणजे 'खम्सा', मग दफ्तरात 'खमस' का? आठ म्हणजे 'थमानिया', दफ्तरात 'समान' का? अरबीत नाम स्त्रीलिंगी असले की आकड्याचे शेपूट कापतात. वर्षाला अरबीत 'सना' म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून खमस, सलास, समान. म्हणून एकासाठी वाहिद न येता 'इहदा' येते, तेच आपले इहिदे. पुण्याच्या दफ्तरातल्या कारकुनाला अरबी लिंगविचार माहीत असण्याचे कारण नव्हते. तरी पिढ्यानपिढ्या तो व्याकरण बिनचूक उतरवत राहिला. मी लहानपणी अर्थ न कळता घडाघड वाचत होतो, त्याची मला या कारकुनांना पाहून थोडी कमी लाज वाटू लागली.

आणि हा सन पुन्हा पुरता अरबीही नाही. शुहूर म्हणजे महिने, पण अरबांचे वर्ष चांद्र, दरसाल मागे सरकणारे. त्यावर शेतसारा वसूल कसा करणार? पीक चंद्रावर येत नाही. म्हणून चौदाव्या शतकात, बहुतेक अभ्यासकांच्या मते १३४४ मध्ये मुहम्मद तुघलकाच्या काळात, सौर वर्षाचा हा सन सुरू झाला. त्याचा पहिला दिवस कोणता? सूर्य मृग नक्षत्रात जातो तो. त्याला मृगसालही म्हणत. नाव अरबी, आकडे अरबी आणि आरंभ आमच्या शेतकऱ्याच्या मृगाचा. मित्राने हे ऐकून फक्त एवढेच म्हटले, "महसूल खात्यातल्याच कोणा शहाण्याचे डोके दिसते."

या परक्या शब्दांविरुद्ध बंडही झाले, हे सांगितले पाहिजे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव. परक्या भाषेत राज्य चालत असताना आपल्या भाषेला सिंहासनावर बसवायचे तर हे करावेच लागते. मी त्यात काही वावगे मानत नाही. पण पुढे काय झाले पाहा. पंतप्रधान हे पद ज्यांच्याकडे आले ते इतिहासात पेशवे म्हणूनच राहिले आणि त्यांच्या कागदांवर इहिदे-सितैन चालूच राहिले. विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश तयार केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले. या शब्दांची ज्याला सर्वांत चांगली ओळख होती त्यानेच त्यांना निरोप द्यायला सांगावे, यात मला विसंगती दिसत नाही. घरातली मोजदाद केल्याशिवाय काय ठेवायचे नि काय काढायचे हे ठरवता येत नाही. माझा आक्षेप एवढाच, की काहींना मोजदाद न करताच घर झाडायचे असते.

मित्राने हा आक्षेप ऐकून घेतला आणि म्हणाला, "तरी मी दिनांकच लिहिणार." लिहावा. चांगला शब्द आहे.

पण मोजदाद करताना आम्हाला ठेचाही लागल्या. शब्द ओळखीचा निघाला म्हणून अर्थ ओळखीचा असतोच असे नाही. 'महसूल' अरबीत म्हणजे शेतातले पीक. आपल्याकडे येईपर्यंत त्याचे सरकारी येणे झाले. पिकाचा कर होण्यापर्यंतचा सगळा इतिहास त्या एका शब्दात आहे! 'वसूल' म्हणजे पोचणे. मस्कतच्या विमानतळावर आगमनाच्या पाटीवर हाच शब्द आहे. 'नक्कल' म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणे, वाहतूक. 'वकील' म्हणजे मुखत्यार, प्रतिनिधी. कोर्टातल्या वकिलाला तिथे वेगळा शब्द आहे. 'रक्कम' म्हणजे आकडा. 'मेहनत' म्हणजे संकट, कसोटी. 'तक्रार' म्हणजे नुसते पुन्हा पुन्हा सांगणे. आमच्या मित्राच्या मते हा अर्थ तहसील कचेरीलाही लागू पडतो. आणि 'साहेब' म्हणजे सोबती, मित्र. बत्तीस वर्षे ज्यांच्यापुढे उभा राहून तो साहेब-साहेब करत होता, त्यांना तो मूळ अर्थाने दोस्त म्हणत होता, हे कळल्यावर तो पोट धरून हसला.

देणेही होते. साखरेला अरब 'सुक्कर' म्हणतात, ती आपली शर्करा. मिरीला 'फिल्फिल' म्हणतात, ती आपली पिप्पली. केळ्याच्या 'मौज' या नावामागे संस्कृत 'मोच' असल्याचे मानतात. आकड्यांना तर अरब आजही हिंदी आकडे म्हणतात, आणि युरोपने ते अरबांकडून घेतले म्हणून तेच पुढे अरबी आकडे झाले. पपईला ते 'बबाया' म्हणतात, कारण अरबीत 'प' नाही. 'ळ'ही नाही, पण आम्हा खानदेशी लोकांना त्याचे काही वाटत नाही. अहिराणीत आम्ही 'ळ'चा 'य' कधीच करून टाकला आहे.

जूनच्या शेवटी तो गेला. सुरतेवरून मुंबई, मुंबईहून मस्कत, मस्कतहून सलाला. दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाजात नवल होते. "अरे, इथे पाऊस आहे!"

मी त्याला मुद्दामच सांगितले नव्हते. सगळे ओमान उन्हात होरपळत असते तेव्हा सलालाच्या डोंगरांना आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्याचा पदर लागतो. जून ते सप्टेंबर तिथे बुरबुर पाऊस, धुके आणि हिरवे डोंगर. 'मोसम' हाही अरबी 'मौसिम', ज्यावरून मान्सून झाला. आणि सलालात या ऋतूला नाव आहे 'खरीफ'. खरीफ म्हणजे एरवी अरबीत शरद ऋतू; रबी म्हणजे वसंत. आपण पिके कापणीच्या ऋतूवरून ओळखली आणि खरीप-रब्बी ही नावे ठेवली. पण सलालाचा खरीफ म्हणजे सरळ पावसाळा. पीकपाहणीच्या रकान्यात आयुष्यभर खरीप लिहिलेला माणूस खरीफ बघत उभा होता. रस्त्याच्या कडेला केळी, शहाळी आणि पपया मांडलेल्या. "आपल्या शहाद्याच्या पपईपुढे काही नाही," हेही त्याने लगेच कळवले. मागच्या डोंगरांतले लोक आपसात अरबी न बोलता जिब्बाली नावाची आपली जुनी भाषा बोलतात, हे त्याला नातवाने सांगितले. "म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या पावरीसारखे," तो म्हणाला, आणि ती तुलना मला चौदा वर्षांत सुचली नव्हती.

दुकानदाराशी पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. सुटे पैसे कमी आले. सुट्या परताव्याला तिथे 'बाकी' म्हणतात, ते त्याला ठाऊक होते. ते न आठवता हा बोटे नाचवत 'तक्रार, तक्रार' म्हणू लागला. बिचाऱ्या दुकानदाराने सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सांगितला. तो अर्थाप्रमाणेच वागला होता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ज्याची भीती होती ते घडले. रात्री दोनला मुलीला कळा सुरू झाल्या, दिवस भरायला तीन आठवडे बाकी असताना. जावई समुद्रावर. रुग्णवाहिकेला फोन करायचा तर तिच्याने बोलवेना. हा शेजारच्या म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाच्या दारावर धडका मारू लागला. दार उघडले तेव्हा डोक्यातले सगळे गेलेले. तोंडातून तीन शब्द निघाले. "बिन्ती. मुस्तश्फा. हालन." माझी मुलगी. दवाखाना. आत्ता. 'हालन' आम्ही 'हल्ली'वरून पाठ केला होता.

म्हातारा एकच शब्द म्हणाला. "हादिर."

द आणि ध यांच्या मधला तो जड आवाज. मित्र मला नंतर सांगत होता, "तो शब्द ऐकला आणि मला कळले. हजर! तो म्हणाला, मी हजर आहे." गाडीची किल्ली घेऊन म्हातारा हजर झाला होता. त्याची बायको नातवापाशी थांबली. पहाटे पाचला मुलगी झाली, अंमळ लहान, पण ठणठणीत.

दोन दिवसांनी मला रात्री फोन आला, आणि यावेळी आवाज दुखावलेला होता. तोच म्हातारा त्याला घरी कॉफीला घेऊन गेला होता. तिथे आणखी चार जण होते. बोलताना म्हातारा त्याच्याकडे हात करून त्यांना म्हणाला, 'गरीब'. मित्राला तेवढाच शब्द कळला. "मी गरीब आहे का रे? माझी पेन्शन आहे, साडेतीन एकर बागायत आहे. त्याचे पेट्रोलचे पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत, आणि वर मला गरीब म्हणतो."

मी म्हटले, "अरबीत गरीब म्हणजे पैसे नसलेला नाही. गरीब म्हणजे परका. आपल्या मुलखापासून लांब आलेला. त्याला ते लोक फार जपतात."

फोनवर काही क्षण शांतता होती. मग तो म्हणाला, "तू इथे चौदा वर्षे होतास."

"हो."

"मी तुला तेव्हा एकदाही विचारले नाही रे, कसा आहेस म्हणून."

त्यावर मी काही बोललो नाही. नातीचे नाव काय ठेवले ते विचारले.

तो सप्टेंबरात परत आला. माझ्यासाठी त्याने लोबान आणले. लोबान म्हणजे 'लुबान', सलालाच्या मागच्या कोरड्या डोंगरांत होणाऱ्या झाडाचा डिंक. आपल्याकडे या नावाने विकतात ते पुष्कळदा दुसऱ्याच झाडाचे असते. निखाऱ्यावर एक खडा टाकला आणि माझ्या घरात गोदामाचा वास भरला.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला. आता त्याला लिहायला शिकायचे आहे, कारण नातू त्याला अरबी अक्षरांत काहीतरी लिहून त्याचा फोटो पाठवतो आणि ते याला वाचता येत नाही. आम्ही दोघे एसटीने अक्कलकुव्याला गेलो. पुस्तकांच्या दुकानात मी मागे राहिलो, त्यालाच पुढे केले. त्याने घसा साफ केला आणि कचेरीत विचारावे तशा आवाजात विचारले, "कायदा आहे का?"

दुकानदाराने फळीवरून एक पातळ पुस्तक काढून त्याच्या हातात दिले. तीस रुपये. मित्राने ते डावीकडून उघडले, शेवटचे पान निघाले, आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी ते त्याच्या हातात फिरवून दिले.